उरलेलं वारं

"लोंब!" बाबासो ओरडले.

श्रुती लोंबली. म्हणजे ग्लायडरखालच्या पट्ट्यांत अडकवलेलं अंग तिनं सैल सोडलं आणि पोटावर आडवी होऊन ती जमिनीपासून हातभर वर तरंगत राहिली. समोर बाबासोंच्या पत्नी मीनाबाई ग्लायडरच्या नाकाच्या दोन तारा धरून उभ्या होत्या. बाबासोंनी गुडघ्यावर बसून तिच्या पाठीवरचा हूक बोटानं ओढून बघितला. नुसता डोळ्यांनी बघायचा नाही, ओढून बघायचा, हा त्यांचा कायदा.

"काय दिसालंय?"

"गवत, सर."

"हूक हाय म्हून गवत दिसालंय. हूक न लावता पळाली असतीस तर थेट दवाखान्याचं छत दिसलं असतं. ऊठ."

शिकायला आलेली पोरं हसली. बाबासो मात्र हसत नसत. ग्लायडरवाल्यांची ही एकच चूक जीवघेणी. माणूस सगळी तयारी करतो, टेकडीच्या उतारावरून धावत सुटतो, ग्लायडर उचललं जातं, आणि मग त्याला कळतं की आपण त्याला जोडलेलोच नाही, नुसत्या हातांनी दांडीला लटकलोय. म्हणून दर वेळी धावण्याआधी लोंबून बघायचं. मीनाबाईंनी समोरून "लोंबलास?" असं विचारायचं, आणि उत्तर मिळाल्याशिवाय तारा सोडायच्या नाहीत. पंचवीस वर्षांत हा रिवाज एकदाही मोडला नव्हता.

ग्लायडरचं नाव म्हस. स्पर्धेची ग्लायडरं म्हणजे घोडी, लगाम जरा चुकला की लोळवतील. हे शिकाऊ ग्लायडर रुंद, एकेरी कापडाचं, संथ. नवख्यानं कशीही धरली तरी बिचारी हळूच खाली येऊन चाकांवर टेकते. कुणावर शिंग उगारणं तिला ठाऊक नाही. शिवाय तिचा मुक्कामही टेकडीखाली गणपतरावांच्या गोठ्यात, खऱ्या म्हशींच्या डोक्यावर, वाशांना टांगलेला. एक जुना क्लब गुंडाळला गेला तेव्हा ती मागं राहिली, आणि एस.टी.च्या वर्कशॉपात पत्रे ठोकणाऱ्या बाबासो कांबळ्यांनी तिला पदरात घेतलं. तेव्हापासून दर रविवारी मंगळवार पेठेतून नवराबायको स्कूटरवरून पन्हाळ्याच्या वाटेला लागत. पहिल्याच वर्षी मीनाबाईंचं लुगडं तारेत अडकून टरटरा फाटलं. मग टेकडीसाठी त्यांनी पंजाबी ड्रेस शिवला आणि शेजारणींची बोलणी हसून घेतली.

पोरांचं उडणं आटोपलं की शेवटची फेरी बाबासोंची. "तुमचं झालं, आता उरलेलं वारं माझं," म्हणत ते टेकडीच्या माथ्यावर चढत. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण वर गेला की चिडीचूप. मीनाबाईंना आठवड्यातलं तेवढंच एक मिनिट फार आवडायचं. नवरा डोक्यावरून निघून जायचा आणि त्याच्या तोंडावर लग्नाच्या वेळचं हसू असायचं.

"एकदा तू बी बसून बघ की गं," ते म्हणत.

"आणि नाक कोण धरणार? तुमचं तुम्ही?"



त्या रविवारी श्रुतीचं झालं, बाबासो माथ्यावर आले, हूक लावला, लोंबले, उभे राहिले. तेवढ्यात गणपतरावांची एक खरीखुरी म्हैस चरत चरत नेमकी उतरायच्या जागेवर येऊन उभी राहिली.

"आरं, हाकला की तिला!" कुणी हलेना. बाबासोंनी हूक सोडला, तरातरा खाली गेले, म्हशीला चार शिव्या हासडल्या, धापा टाकत वर आले आणि ग्लायडर खांद्यावर घेतलं.

"सोड!"

"लोंबलासा?"

"आत्ताच न्हाई का लोंबलो तुझ्यासमोर? सोड!"

खोटं नव्हतं. मीनाबाईंनीही ते बघितलं होतं. पण वाऱ्यानं ग्लायडर जरा कलंडलं आणि बाबासोंच्या पाठीमागं हूक मोकळा हेलकावताना त्यांना दिसला. बाजूला श्रुती मोबाइल धरून व्हिडिओ काढत होती, मागं पोरं उभी होती. मीनाबाईंनी तारा आणखी घट्ट धरल्या.

"वारं पडलंय," त्या म्हणाल्या.

काठीला बांधलेली रिबन वाऱ्यावर ताठ फडफडत होती. बाबासोंनी रिबनकडं बघितलं, मग बायकोकडं. त्यांचा एक हात हळूच पाठीमागं गेला, आणि चेहऱ्याचा रंगच उडाला.

"व्हय," ते म्हणाले. "पडलंय वारं." त्यांनी ग्लायडर खाली ठेवलं. श्रुतीनं रिबनकडं बघितलं, पण सरच म्हणतात म्हटल्यावर तिनं मोबाइल खिशात घातला.

बाबासोंचा आणखी एक कायदा होता. ज्याचा हूक लावायचा राहिला तो या टेकडीवरून बाद, कायमचा. तो एकदाच लागला होता, आठ वर्षांमागं, आणि तोही मीनाबाईंच्या सख्ख्या बहिणीच्या पोराला, सार्थकला. बाबासोंचा सगळ्यात हुशार चेला. लोंबून झाल्यावर त्याला फोन आला, हूक सोडून बोलायला गेला, परत येऊन तसाच धावायला उभा राहिला. त्यालाही मीनाबाईंनीच रोखलं होतं. पोरानं पाय धरले, बाबासो विरघळले नाहीत. महिनाभर मीनाबाई नवऱ्याशी मिठाभाकरीपुरतं बोलत होत्या. सार्थक अजून भीमजयंतीला न चुकता घरी यायचा, मावशीच्या हातचं जेवायचा, पण ग्लायडरचा शब्द काढायचा नाही.

घरी आल्यावर बाबासो हेल्मेट मांडीवर घेऊन बसले. पुसून पुसून त्याची चकाकी जायची वेळ आली.

"कुणी बघितलं न्हाय," मीनाबाई म्हणाल्या.

"तू बघितलंस की."

"मी काय परकी हाय? आणि लोंबला हुतासा तुम्ही. म्हस आडवी आली, त्यात तुमचं काय चुकलं?"

"सार्थकचं काय चुकलतं? त्याला फोन आलता. मधी काय तरी येतंयच गं. म्हून तर बघायचं असतंय."

"आवं, ते पोरगं हुतं. तुम्ही पंचवीस वरसं..."

"आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून. मला न्हाय जमायचं, मीना."

"मग रविवारी करणार काय तुम्ही?"

बाबासोंनी हेल्मेट खुंटीला अडकवलं. मीनाबाईंना त्याचीच भीती वाटली. निवृत्त झाल्यावर या माणसाला रविवारानंच उभं धरलं होतं. टीव्हीसमोर बसलेले बाबासो त्यांच्या डोळ्यांसमोर येईनात. आपण त्या वेळी हूक बघितलाच नसता तर, असं क्षणभर मनात आलं, आणि पुढं काय झालं असतं ते सुचताच त्यांनी तो विचार तिथंच तोडला.

जेवणं झाल्यावर बाबासोंनी स्वतः फोन लावला. "जय भीम. सार्थक, रविवारी टेकडीवर ये," एवढंच बोलले आणि ठेवून दिला.

रविवारी सार्थक कुरुंदवाडहून बासुंदीचा डबा घेऊन आला आणि नव्या जावयागत अवघडून उभा राहिला. पोरं जमली. बाबासोंनी घसा खाकरला.

"गेल्या रविवारी वारं पडलं नव्हतं," ते म्हणाले. "माझा हूक राहिलता. हिनं तारा सोडल्या न्हाईत म्हून मी आज तुमच्यासमोर उभा हाय. आजपासनं मी बाद."

श्रुतीच्या डोळ्यांत पाणीच आलं. शेवटी सार्थक पुढं झाला.

"काका, नियमच जरा सैल करा की. आता आपलं दोघांचंबी राहिलंय."

"तुला लावला तवा गोड आणि मला लागला तवा कडू, असा कसला रे नियम?" बाबासो म्हणाले. "पण एक माझं चुकलं. तुझं उडणं बंद केलं ते बरोबर. तुला टेकडी बंद केली ते चूक. ज्याचा हूक एकदा राहिला, त्याच्यापरास हूक बघणारा बरा कोण मिळणार? उडू नगंस. पोरांचे हूक बघ. मी नाक धरतो."

सार्थकनं मान खाली घातली आणि सरळ श्रुतीच्या मागं जाऊन गुडघ्यावर बसला. एकदा ओढून बघितला, मग पुन्हा एकदा.

त्या दिवशी मीनाबाईंना काम उरलं नाही. धोंड्यावर बसल्या खऱ्या, पण हातांचं काय करावं कळेना. ओढणीला पीळ घाल, सोड, असं चाललं होतं. श्रुती उडाली, बाकीची उडाली, उन्हं चढली. पोरांचं आटोपलं. वारं मात्र छान वाहत होतं, एकसारखं, जसं बाबासोंना आवडायचं तसं. ग्लायडर गवतावर टेकवलेलं, आणि त्याच्याकडं बघायची कुणाची छाती होईना.

"मीना," बाबासो म्हणाले. "ये."

चारचौघांत त्यांनी नावानं हाक कधी मारली नव्हती. टेकडीवर नेहमी 'अगं'च असायचं.

"मला काय जमतंय? सत्तावन्नाची झाले मी."

"म्हशीला वय इचारायची सवय न्हाय. आणि आता नाक धरायला माणूस हाय."

मीनाबाईंची पंचवीस वर्षांची सबब अशी एका वाक्यात संपली. पोरांनी ग्लायडर खालच्या टप्प्यावर नेलं. तिथून फार तर कंबरभर उंच उडता येतं. बाबासोंनी आपले पट्टे बायकोच्या मापाला आवळले. पट्ट्यांना अजून बाबासोंच्या घामाचा आणि खोबरेल तेलाचा वास होता.

"लोंब."

मीनाबाई लोंबल्या. पाय जमिनीवरून सुटले.

"काय दिसालंय?"

"तुमच्या चपला. एकीचा अंगठा तुटालाय."

सार्थकनं हूक ओढून बघितला. मग बाबासोंनी गुडघ्यावर बसून बघितला. उठले, दोन पावलं गेले, आणि परत येऊन पुन्हा बघितला. मग समोर जाऊन त्यांनी नाकाच्या तारा धरल्या. मीनाबाई उभ्या राहिल्या आणि ग्लायडर खांद्यावर घेतलं. वाटलं होतं तेवढं जड नव्हतं. वारा कापडाखाली शिरून आपसूक वर उचलत होता.

"लोंबलीस?"

"लोंबले. सोडा."

बाबासो सोडेनात.

"सोडा की आता."

"वारं पडलंय," बाबासो म्हणाले.

मागं रिबन ताठ फडफडत होती. मीनाबाईंनी ती बघितली, आणि तारांवर घट्ट आवळलेल्या मुठीही बघितल्या. ग्लायडर खांद्यावर तोलून, नवऱ्याचं वारं परत येईपर्यंत त्या तशाच थांबल्या.