शिंगं तेवढी घरी आली

क्लेटनला हरीण मिळालं तेव्हा ओपलनं मनातल्या मनात फ्रीझरचे कप्पे भरूनसुद्धा टाकले. क्लेटन कामाला होता ती लाकडाची गिरणी बंद पडल्यापासून घरात मांस म्हणून शिजलं नव्हतं, आणि दोन्ही मुली घेवड्याच्या बिया आणि मॅकरोनी खाऊन विटल्या होत्या. एवढं एक हरीण आलं की हिवाळा निभला. यंदाचं घरीच आणायचं, असं तिनं नवऱ्याला चारचारदा बजावलं होतं आणि त्यानंही मान डोलावली होती.

पण हरीण कापायला न्यायचं हॉबर्ट खाटकाकडे, आणि शिकारीच्या हंगामात हॉबर्टच्या दुकानात बार्लो काउंटीतले यच्चयावत बाप्ये कॉफी पीत उभे. भिंतीवर पाटी, भुकेल्यांसाठी हरीण देणाऱ्यांच्या नावांची. क्लेटनचं घराणं त्याच्या बापापासून त्या पाटीवर. शेजारच्या वेंडेलनं नुसतं विचारलं, काय क्लेट, यंदा जमत नाही वाटतं? झालं! न जमायला काय झालं, असं म्हणून हा शहाणा अख्खं हरीण देऊन मोकळा झाला. घरी आली ती शिंगं.

"आयजीच्या जिवावर बायजी उदार," ओपल म्हणाली. "पोरींच्या तोंडचा घास दिलास तू."

"मग चारचौघांत काय सांगायचं होतं? घरी खायला नाही म्हणून?"

"हो. तेच सांगायचं होतं."

त्यावर तो गॅरेजमध्ये जाऊन शिंगं ठोकत बसला. एक खिळा ठोकायला माणसाला किती वेळ लागतो! दुसरं हरीण काही मिळालं नाही आणि बंदुकीनं शिकार करायचा हंगामही संपला.

शेवटी ओपलनं गाडी काढली आणि नदी ओलांडून शेजारच्या मीचम काउंटीतल्या चर्चच्या तळघराशी आली. फुकट धान्य त्यांच्या गावातल्या चर्चमध्येही मिळायचं, पण ते भर रस्त्यावर. तिथं पिशवी भरून द्यायला सगळे जात. भरून आणायला कोण जाणार? बडा घर पोकळ वासा, दुसरं काय.

ओहायोत गाडीच्या नंबरपाटीवर काउंटीचा आकडा असतो. गाडी लावताना ओपलनं सहज शेजारची पाटी बघितली, मग तिच्या पलीकडची. अर्ध्याहून जास्त गाड्या बार्लोच्या होत्या. हॉबर्टच्या दुकानात शेकत उभ्या असलेल्या बाप्यांच्या बायका इथं थंडीत रांगेत होत्या. त्याच वेंडेलची बायको नॅडिन तिच्या मागेच येऊन उभी राहिली आणि तिनं फोनमध्ये डोकं खुपसलं. ओपलनंही ओळख दाखवली नाही. ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांचीच ती रांग होती.

टेबलामागे ग्लेनिस नावाची जाडजूड म्हातारी होती, जिभेला हाड नसलेली. बटाटे, कांदे, भोपळ्याचे डबे, आणि बर्फाच्या पेटीत हरणाच्या खिम्याची पाकिटं. पाकिटांवर छाप, 'विक्रीसाठी नाही'. हे मांस कुठलं, असं ओपलच्या तोंडून निघूनच गेलं.

नदीपलीकडचं, बार्लोचं, ग्लेनिस म्हणाली. राज्यातल्या सगळ्या अन्नपेढ्यांचं काम एकत्र चालतं. एकीकडे जास्त झालेलं दुसरीकडे जातं. वरच्या शेतांतला बटाटा इथं येतो, इथला कांदा शहरात जातो. जिथून जितकी गरजू माणसं कळतात, तिथं तितका वाटा.

"मग बार्लोला काय जातं?" ओपलनं विचारलं.

"भोपळ्याचे डबे. बार्लोत कोणी उपाशी आहे असं कागदावर दिसतच नाही ना. वरचे म्हणतात, एवढी हरणं वाटणारे लोक, खाऊनपिऊन सुखी असणार. येत्या उन्हाळ्यापासून तिथली धान्याची गाडीच बंद करायचं चाललंय." मग म्हातारीनं पुढं वाकून आवाज खाली आणला. "बाहेरच्या गाड्यांवरचे आकडे मला वाचता येतात, बाई. इथं कोणी पुरावा मागत नाही, नावही नको. नुसती काउंटी सांगायची. खरी सांगितलीस तरी खिमा मिळणारच, वर तुमच्याकडचा वाटा वाढेल. सांग, कुठली?"

एका शब्दाचं काम होतं. मुलींचं पुढच्या हिवाळ्याचं खाणं त्या शब्दात होतं, आणि सगळ्या बार्लोचंही. पण मागं नॅडिन होती, आणि नॅडिनच्या कानावर गेलं की वेंडेलच्या, वेंडेलच्या गेलं की हॉबर्टच्या दुकानात. चारचौघांत खरं सांग, असं नवऱ्याला सुनावणारी हीच ओपल.

"मीचम," ती म्हणाली.

ग्लेनिसनं समोरच्या टॅबवर बोटानं तेवढं नोंदवलं आणि पाकिटं पिशवीत टाकली. ओपल वळली तेव्हा मागून नॅडिनचा आवाज आला, "मीचम." ओपलला नॅडिनचा संताप आला, आणि तिच्याहून जास्त स्वतःचा.

संध्याकाळी तिनं कांदा घालून खिमा केला. मुलींनी ताटं चाटूनपुसून साफ केली. क्लेटननं पहिला घास घेतला आणि त्याचं तोंड चालायचं थांबलं. हॉबर्ट खिमा जाडसर काढतो, सगळ्या काउंटीत तसा दुसरा कोणी काढत नाही. क्लेटनला सगळं कळलं, हे ओपलला त्याच्या मानेवरूनच समजलं. आता हा चुकलं म्हणेल किंवा ओरडेल. तिला दोन्ही चाललं असतं. नवरा काहीतरी बोलेल म्हणून ती वाट बघत बसली.

मुली उठून गेल्यावर तो तिच्याकडे झुकला.

"तुला तिथं कोणी बघितलं का?"

"सगळ्यांनी," ओपल म्हणाली. "सगळे तिथंच होते."