वखार वाढली

निपाणीच्या तंबाखूवाल्यांनी आपसात आगीचा फंड काढला होता. दर दिवाळीच्या पाडव्याला वर्षाची वर्गणी भरायची. त्या वर्षात ज्याची वखार जळेल त्याला त्यातून भरपाई. कौलारू वखारीला वर्गणी कमी, गवती छपराला जास्त, हे दर चिटणीस हरिभाऊंनीच बसवलेले. उरेल ते पाडव्याला वाटून टाकायचं, हा मात्र रिवाज.

सन अडतीसच्या पाडव्याला हरिभाऊ त्या रिवाजालाच आडवे आले. त्यांच्याच घरच्या सोप्यात बैठक भरली होती. आतल्या उंबऱ्याशी त्यांची बायको सुनंदा किरकिरं बाळ थोपटत कान देऊन उभी होती. बेळगावला बी. ए. झालेली, पण घर चालायचं ते नवऱ्याच्या या चिटणिशीच्या पगारावर.

"सगळं वाटता येणार नाही," हरिभाऊ म्हणाले. "जळून गेलंय, पण आपल्या कानावर आलं नाही, त्याचंही राखायला हवं."

फंडाचे अध्यक्ष मारुतीराव शेठ खो खो हसले. "न कळलेल्या आगीला बी पैसं? उद्या न जन्मलेल्या पोराचं बारसं घाला!"

"मागची सगळी वर्षं पाहिलीत मी. दिवाळीतल्या आगी दिवाळी उलटल्यावरच कळतात."

"लई झालं, हरिभाऊ. वाटा, न्हायतर दुसरा चिटणीस बघतो."

बाळाच्या पाठीवरचा सुनंदाचा हात थांबला. हरिभाऊंचा आवाज मात्र तसूभर चढला नाही. "बघा. तो शहाणा असला तर हेच सांगेल."

काय हा माणूस! नोकरी जायची भीती असतानाही सुनंदाला अभिमान वाटला.

एवढ्यात फंडातल्याच, अकोळच्या परशरामांची बायको अक्काताई दारात आली.

"परशराम का न्हाय आलं?" मारुतीरावांनी विचारलं.

"वखार वाढली न्हवं," ती पुटपुटली.

"ऐका! ह्यो भरपाई राखतोय, आन् वखारी वाढाय लागल्यात! किती खण घातलं, आक्का?"

अक्काताईनं पदर ओढून घेतला. सुनंदाला त्याच्या काठावरची करपलेली भोकं दिसली. सणाच्या दिवशी असलं लुगडं? बांगडी फुटली तरी बायका 'वाढली'च म्हणतात. ती जवळ गेली. "आक्का, बांगडी वाढते, तशी वाढली का?"

"व्हय गं बाई!" अक्काताईला हुंदका आला. "परवा राती. पर लक्ष्मी घरात आल्यावर इस्तवाचं नाव कसं घिऊ?"

सुनंदानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. मारुतीराव खाकरले. "बरं, ह्यांचं भागवू आन् ऱ्हायलेलं वाटू. झालं?"

"ही कळली," हरिभाऊ म्हणाले. "न कळलेल्यांचं तसंच राखायला हवं."

मारुतीरावांनी त्या पदराकडं पुन्हा एकदा बघितलं.

"तुळशीच्या लग्नापतोर वाटणीचं कुणी बोलू नका, तवर कुणाकुणाचं जळलंय ते कळंल," ते म्हणाले. "चिटणीस हाय तेच. वैनी, आक्काला आत न्या, च्या द्या."