रिकामे रकाने

तळं बुजवायचं की ठेवायचं, ते दुपारच्या बैठकीत ठरणार होतं, आणि त्यासाठी बेडकांच्या मोजणीचा आलेख धाकटी करत होती. बेडूकच उरले नसतील तर राखायचं काय, असं समितीचं सरळ म्हणणं. धाकटीच्या आलेखात ते उरले नव्हते. गेल्या पावसाळ्यात रेघ जमिनीला टेकायला आली होती.

छपाईला देण्याआधी तिने कोड पुन्हा वरून वाचायला घेतला आणि एका ओळीपाशी ती अडली. आकडेमोडीसाठी वापरायची आर ही संगणकाची भाषा भलती तऱ्हेवाईक. रिकामा रकाना दिसला की तिथे ती 'एनए' मांडते, म्हणजे माहीत नाही. आणि असा एक जरी सापडला तरी सरासरी काढायला चक्क हात वर करते. वैतागून धाकटीने सगळ्या एनएंच्या जागी शून्य भरून टाकलं होतं. घाईचं काम, दुसरं काय! न मोजलेले बेडूक तिने मेलेल्यांत जमा केले होते.

मोजणी तिच्या थोरल्या बहिणीची. संध्याकाळी तळ्यावर जायचं आणि आवाजांवरून बेडूक मोजायचे, हे ताईला कचेरीने दिलेलं काम. गेल्या पावसाळ्याच्या पहिल्या काही फेऱ्या भरलेल्या होत्या, पुढचं सगळं रिकामं. तेव्हाच तर ताईचा पाय मोडला होता. ती गेलीच नसणार.

धाकटीने ती ओळ काढली, रिकामे रकाने वगळून सरासरी मागितली. कुठेतरी एक कंस राहिला होता. तो सापडेपर्यंत तिचा जीव टांगणीला लागला. मग रेघ वर उचलली गेली. तळं वाचत होतं. तिला रडूच फुटायचं बाकी राहिलं.

बैठकीत कोणी विचारलं तर उत्तर हाताशी असावं, म्हणून तिने ताईला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

“तू गेली नव्हतीस ना तेव्हा?”

“गेले होते.”

“अगं, पायाला प्लास्टर होतं ना?”

“हे सोडायचे गाडीवरून. अंधार पडेपर्यंत बांधावर बसायचे मी. एकही ओरडला नाही गं.”

मग शून्य का नाही लिहिलंस, असं धाकटीने विचारलं तेव्हा तिचा आवाज चढला होता.

“हात धजला नाही. वाटायचं, पुढच्या खेपेला ओरडतील.”

आपण फोन केलाच नसता तर, असं धाकटीच्या मनात आलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली. पडद्यावरची रेघ अजून वरच होती.

“ताई, हे वगळलं तर तळं राहील.”



“तूच भर ते शून्य,” ताई म्हणाली. “माझ्याच्याने नाही झालं.”

धाकटीने शून्य भरणारी, मघाशी काढलेली ओळ पुन्हा लिहिली. फोन एवढ्यात ठेवू नकोस, असं तिने ताईला सांगितलं आणि कोड चालवायची कळ दाबली.