झिजलेली झालर

घुबडाच्या पंखातल्या पहिल्या मोठ्या पिसाला कडेने बारीक दात्यांची झालर असते, लहान मुलाच्या कंगव्यासारखी. वारा त्या दात्यांतून विंचरला जातो, म्हणून उडताना आवाज होत नाही. जरीनाने टॉवेलमध्ये धरलेल्या घुबडाचा डावा पंख अलगद उलगडला आणि भिंग जवळ नेलं. टोकाकडचे दाते झिजले होते. पिंजऱ्याच्या जाळीला पिसं घासू नयेत म्हणून तिने आतून गोणपाट लावलं होतं, तरीही.

तिने पंख मिटवला, पक्ष्याला जाळीच्या खोक्यात ठेवून कपडा टाकला आणि खोकं घेऊन गावातल्या शाळेच्या ओट्याकडे निघाली. घुबडाविषयी तिचं बोलणं ऐकायला लोक जमले होते.

श्रीगोंद्याजवळच्या याच गावात, पावसाळ्यात, हे गव्हाणी घुबड तारेच्या कुंपणात अडकलेलं सापडलं होतं. वनरक्षक सुनीलने ते खात्याच्या परवानगीने जरीनाकडे सांभाळायला दिलं; ती तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवायची. पंख दिवाळीपर्यंत भरून आला. सोडायची परवानगीही आली. "मॅडम, कधी सोडायचं?" सुनील विचारायचा आणि ती म्हणायची, "आणखी एक गाव होऊ दे." गावोगावी घुबडांविषयी नुसतं बोलत राहिलं की माणसं जांभया द्यायची. खोक्यावरचा कपडा काढला की तीच माणसं पुढे सरकायची.

आजही सरकली. जाळीमागे पत्त्यातल्या बदामासारखं पांढरं तोंड दिसलं आणि बायकांनी पदर तोंडाशी नेले.

"झालं! दिसलं तोंड," पुढे बसलेला छगन म्हणाला. "आता उद्याचा दिस गेला म्हनायचा."

"उंदराचा जाईल, छगनभाऊ," जरीना म्हणाली. तिने कागदावर एक काळपट गोळी ठेवली आणि चिमट्याने फोडली. "पचत नाहीत ती हाडं नि केस घुबड असे ओकून टाकतं."

"ही गोळी जेवनाआधी घ्यायची का नंतर?" मागून कोणीतरी विचारलं.

हशा ओसरेपर्यंत जरीना थांबली. मग केसांच्या गुंत्यातून उंदरांच्या इवल्या कवट्या काढून तिने कागदावर ओळीने मांडल्या. छगन वाकून बघू लागला.

"येवढे? येकाच येळंला?"

"हो. पण तुमचं औषध खाल्लेला उंदीर याने खाल्ला, तर हेही मरतं. मग उंदरांना रान मोकळं."

"पटतंय की. पर मॅडम, घुबाड तुमच्या खोक्यात आन् उंदीर माज्या उसात. औषध न्हाई टाकायचं, तर काय उंदरांस्नी भाषान देऊ?"

ओटा हसला. जरीनाही हसली.

छगनची आई रंगुबाई गुडघ्यावर हात टेकत उठली आणि खोक्यासमोर येऊन बसली. "आमी याला दगुड न्हाई मारीत, बाई. मारला तर ह्ये त्यो उचलून नेतंय आन् रोज पान्यात घाशीत बसतंय. दगुड जसा झिजंल, तसा मारनारा झिजतोय."

इतर गावांत असं कोणी म्हणालं, की जरीना शांतपणे सांगायची, घुबड दगड उचलत नाही. आज झिजलेले दाते तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हते.

"ह्ये आजारी हाय व्हय?" रंगुबाईने विचारलं.

"नाही. बरं झालंय."

"मंग कोंडलंय कशापायी? ह्यानं तुला दगुड मारला हुता का काय, पोरी?"



ऊन उसाच्या शेंड्यांवर उतरलं होतं. सुनील कपडा हातात घेऊन पुढे आला. "झाकू का, मॅडम? शनिवारी सोनईला बोलावलंय. पोरं घुबडाची वाट बघतायत."

"पिसं आणि गोळ्या नेऊ," जरीना म्हणाली. तिने छगनकडे पाहिलं. "औषध टाकलंय?"

"उद्या टाकनार हुतो."

"आणि घुबड शिवारात आलं तर?"

छगनने कागदावरच्या कवट्यांकडे पाहिलं, मग आईकडे. "आलं तर न्हाई टाकायचो. ही सगळी बसल्यात, त्यांच्या म्होरं सांगतो."

जरीनाने सुनीलच्या हातातून कपडा घेतला. घडी घातली, पुन्हा एकदा घातली आणि पिशवीत ठेवून दिली.

"अंधार पडू दे, सुनील," ती म्हणाली. "आज इथंच सोडायचं."