तिले काई खायाले द्या

शनिवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी फाइलमध्ये पहिला परका माणूस शिरला. मार्ककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात, यार्देन नदीच्या ओळीखाली, त्यानं 'शुभ सकाळ' असं टाइप केलं आणि तो निघून गेला.

साडेअकराला वच्छलाबाईंना उज्माचा फोन आला. उज्माचं अकोल्यात टायपिंगचं दुकान होतं. वच्छलाबाईंच्या वऱ्हाडी शुभवर्तमानाची सगळी मांडणी, वचनांच्या आकड्यांपासून समासापर्यंत, तिनं चार महिने खपून केली होती.

"ताई, गलती माझी हाय," ती म्हणाली. "नुसती वाचाची लिंक टाकाची होती. आपण दोघी दुरुस्त्या करतो ना, तेच गेली. ज्याच्या हाती पडली तो लिहू शकते."

"कोणाकोणाले गेली?"

"तेल्हाऱ्याच्या ग्रुपवर टाकली मी. तिथून पुढं चाळीसेक ग्रुपवर फिरून राहिली."

बारा वाजता वच्छलाबाई दुकानात होत्या. अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं सिस्टर म्हणून काढून, निवृत्त होऊन अकोल्यात राहायला आल्यावर त्यांनी हे भाषांतर हाती घेतलं होतं. त्याला नऊ वर्षं लागली. मुळात नाही तो शब्द घालायचा नाही, आहे तो गाळायचा नाही, हा त्यांचा नियम. संध्याकाळी पाच वाजता तेल्हाऱ्याच्या ख्रिस्ती मंडळीचे पाच पंच हीच लिंक उघडून मजकूर तपासणार होते. पटला तर उद्याच्या उपासनेत पाचवा अध्याय वऱ्हाडीत वाचला जाणार होता. पहिल्यांदाच.

"सकाळची फाइल वापस आणतो. दोन मिन्टाचं काम," उज्मा म्हणाली.

"थांब. काय लिहिलं ते तं पाहू दे."

नाव न देता आलेल्यांपुढे पडद्यावर प्राण्यांची चित्रं दिसत होती. कोल्हा, हत्ती, कासव. चौथ्या अध्यायातल्या पेरणाऱ्याला कोल्ह्यानं तिफण देऊन टाकली होती आणि खाली लिहिलं होतं, 'हातानं फेकल्यावर बी रस्त्यावर पडन नाई तं काय?'

"शेतकरी दिसते," वच्छलाबाई म्हणाल्या.

खरी गर्दी पाचव्या अध्यायात होती. बारा वर्षांची मुलगी मेली म्हणून घरात रडारड चाललेली. येशू तिचा हात धरून तिला उठवतो आणि घरच्यांना सांगतो, 'तिले काई खायाले द्या.' त्या वचनाखाली सगळं गाव जमलं होतं.

'भाकर द्या,' हत्तीनं लिहिलं होतं.

'आत्ता उठली पोरगी, भाकर कायची देता? वरनाचं पानी द्या.'

'पेज द्या. मीठ टाकजा.'

'पहिले तिच्या मायले इचारा.'

"भाकर म्हणणारा बाप्या हाय. लिहून देतो मी," वच्छलाबाई म्हणाल्या.

"तुमची पेशंट साऱ्या जिल्ह्यानं वाटून घेतली, ताई."

वच्छलाबाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. तो परत लावला, तेव्हा यादीत एक ओळ वाढली होती. कासवाची.

'आमच्या पोरीले आज चवथ्या दिवशी घोटभर पेज गेली. दवाखान्यात बसून हे वाचून राहिलो.'

एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. वच्छलाबाईंनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला आणि एका बोटानं, अक्षरं शोधत, त्या ओळीखाली लिहिलं: 'उलटी तं नाई झाली? लघवी कवा झाली?'

उज्मानं ती ओळ वाचली आणि विचारलं, "वापस आणू फाइल?"

"नाई. त्यात हे बी जाईन. हातानं साफ करतो."

त्यांनी हातानं लिहिलेल्या भाषांतराची वही उघडली आणि पहिल्या अध्यायापासून एकेक वचन ताडून पाहिलं. शुभ सकाळ गेली. तिफण काढताना हात जरा रेंगाळला, पण तीही गेली. भाकर, वरणाचं पाणी, पेज, मीठ गेलं. पाचला दहा कमी असताना मजकूर वहीबरहुकूम झाला. जास्तीच्या दोनच ओळी उरल्या. कासवाकडून उत्तर नव्हतं.

तेल्हाऱ्याहून श्यामरावांचा फोन आला. ते मंडळीचे चिटणीस.

"बाई, पंच बसले हायेत. मजकूर पक्का समजू ना?"

"पक्का हाय. पाचव्या अध्यायाखाली दोन वळी जास्तीच्या हायेत."

"मुळात हायेत?"

"नाई."

"मंग काढून टाका ना. तुमचाच नियम हाय थो. एक शब्द जास्त दिसला तं पंचातले किसनराव उद्या वाचू देनार नाईत."

"मले मालूम हाय."

"मंग काहून ठेवता?"

"जबाब याचा हाय, श्यामभाऊ."

त्यांनी फोन ठेवला. उज्माचा हात माउसवर होता. फाइलमध्ये लिहिण्याला कुलूप लावलं, की दवाखान्यातल्या माणसाला लिहिता येणार नव्हतं.

"लावू का, ताई?"

वच्छलाबाईंनी नकारार्थी मान हलवली आणि खुर्ची पडद्याजवळ सरकवली. चवथ्या दिवशी पेज गेली, म्हणजे पोरीचं दुखणं आता वळण घेणार होतं, इकडे नाहीतर तिकडे. त्यांनी गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला.

"मिठाचं सांगाचं राहून गेलं," त्या म्हणाल्या.

"ते तं तुमीच काढलं."

पाच वाजून चार मिनिटांनी फाइलमध्ये या दोघींखेरीज सहा जण होते. पाच पंच, आणि कासव. पंचांपैकी कोणी अजून काही लिहिलं नव्हतं. कासवाचा कर्सर प्रश्नाखाली येऊन उभा होता.