जनकाबाईच्या पत्र्यावरचा ठिपका

मी एक ठिपका बोलतोय. लाल रंगाचा, मोहरीएवढा. मोबाईलवर हिंगोली जिल्ह्याचा नकाशा उघडा, कुरुंद्याच्या बाजूला बोटांनी मोठा करा, मी दिसेन. टीबीचा एक रोगी सापडला, की माझ्यासारखा एक ठिपका जन्माला येतो. माझ्या जन्माचे पेढे कुणी वाटणार नाही, हे मला मान्य आहे. पण निदान मला माझ्या घरी तरी राहू द्यायचं!

माझं घर रामकिशन यांचं. बऱ्यापैकी शेती, स्लॅबचं घर. त्यांची धाकटी लेक वैष्णवी फार दिवस खोकत होती. थुंकी तपासली आणि टीबी निघाला. आरोग्य खात्याचं काम करणारी प्रियंका ही त्यांच्याच भावकीतली सून. तिने ओसरीवर बसून मोबाईलमध्ये नोंद केली, बोट टेकवलं आणि मी नेमका त्या घरावर उमटलो.

रामकिशन वाकून बघत होते. "हे लाल काय हाय?"

"पेशंटचं घर, मामा. असा ठिपका ठेवावा लागतो."

"काढ ते. वैष्णवीची सोयरीक जमून राहिली. पाहुण्यायला कळलं तर?"

"नाव न्हाई दिसत कुणाला. निस्ती जागा दिसती."

"मंग जागाच बदल. ओढ्यापलीकडं सरकव, भीमनगरात. तिकडं कुणाचं काय बिघडणार हाय?"

प्रियंकाने मान खाली घातली. तिला भावकीत नांदायचं होतं. तिच्या बोटाखाली मी गल्ली, ओढा ओलांडून जनकाबाईच्या पत्र्याच्या घरावर येऊन पडलो.

औषधं वैष्णवीला गुपचूप मिळत राहिली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण घरातल्या बाकीच्यांची तपासणी? "तपासणीची गाडी दारात नको," रामकिशन म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची! त्या घरात वैष्णवीच्या भावाची लहानगी लेक होती, मिना. ती रोज आत्याच्या कुशीत झोपायची. तिला रोग होऊ नये म्हणून औषध द्यायला हवं होतं. प्रियंका एकदा तसं बोलली, पण पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

माझा उपयोग मात्र झाला. हिंगोलीतल्या एका कचेरीत साहेबांनी मला मोठ्या पडद्यावर पाहिलं, माझ्याभोवती गोल काढला आणि हुकूम दिला, "ही वस्ती तपासा." छातीचा फोटो काढणारी गाडी सरळ भीमनगरात, जनकाबाईच्या दारात. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ते हेच. जनकाबाई, तिचा नवरा भिवाजी, शेजारपाजार, सगळे तपासले. कुणालाच काही निघालं नाही.

पण गाडी गावाने पाहिली होती. रिपोर्ट कोण बघतो? हळदीचा हंगाम आला आणि जनकाबाईला कुणी कामाला बोलावलं नाही. तिने प्रियंकाला रस्त्यात गाठलं.

"बाई, तपासणी बराबर आली ना आमची?"

"आली, काकू."

"मंग मला हळदीला काहून न्हाई बोलवून राहिले? बायका माझ्या हातचं पाणी घेईनात. मला वाटलं, गाव जुनं इसरलं. आता टीबीचं निमित्त भेटलं."

प्रियंका हातातल्या मोबाईलकडे बघत राहिली. मी त्यातच होतो. मला परत नेणं एका बोटाचं काम होतं. तिने मोबाईल पिशवीत टाकला. मला तिचा फार राग आला.

मग मिना आजारी पडली. ताप, उलट्या. वसमतच्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला टीबी आहे का?" रामकिशन म्हणाले, "न्हाई." साध्या तापाची औषधं मिळाली. पोरीने मान टाकली तेव्हा नांदेडला नेलं. टीबी मेंदूत पोचला होता. मिना वाचली. पण आता हाक मारली तर बघत नाही, आणि घरभर पळणारी पोर आधाराशिवाय बसतही नाही. वैष्णवी तिला मांडीवर घेऊन रडते, "माझ्यामुळं झालं" म्हणते. नाही गं बाई. खोकला तुझा होता, लपवालपवी तुझी नव्हती.

परवा प्रियंका मिनाची नोंद करायला आली. तिने बोट रामकिशन यांच्याच घरावर टेकवलं. "मामा, आता तरी राहू द्या. गाडी हितं आली तर बाकीच्यायची तपासणी व्हईल."

रामकिशन नातीकडे बघत होते. त्यांचे डोळे भरून आले. मला वाटलं, सुटलो! माझं भावंड, मिनाचा ठिपका, घरी राहील, मागोमाग मलाही नेतील.

"पोरी," ते म्हणाले, "वैष्णवीची तारीख निघाली हाय. एवढं लगीन होऊ दे. तिथंच ठेव, ओढ्यापलीकडं."

नकाशा बघणाऱ्या शहाण्या लोकांनो, आमच्याभोवती गोल काढण्याआधी एकदा आम्हाला विचारा, तू कुणाचा म्हणून. आम्हाला आमच्या घरी पोचवा. आज जनकाबाईच्या पत्र्यावर आम्ही दोघं आहोत. साहेबांना ती वस्ती आता आणखी लाल दिसते. आणि खाली तिच्या घरात कुणी खोकतसुद्धा नाही.