हिरव्या खुणेआड दडलेला निरोप

मी एक जुना एरर मेसेज आहे. मित्रांनो, रुग्णालयाने रक्तपेढीच्या संगणकाकडे रक्ताची मागणी पाठवली आणि ती नोंदवता आली नाही, की उलट टपाली तसा निरोप घेऊन जायचे, हे माझे काम.

माझा जन्म घाईत झाला. प्रोग्रामर बाईंनी जेवणाच्या सुट्टीआधी दोनच शब्द लिहिले, ‘काहीतरी चुकले’, आणि डबा उघडला. माझ्या भावंडांची तऱ्हा आणखी वेगळी. कोणी नुसता आकडा सांगे, कोणी पानभर पाल्हाळ लावी. नेमके काय बिघडले, याबद्दल आम्ही कोणीच ताकास तूर लागू देत नव्हतो. त्यात माझे व्यंग सर्वांत मोठे. प्रत्येक उत्तरावर काम झाले की फसले, हे सांगणारा शिक्का असतो. माझ्यावर बाईंच्या हातून ‘झाले’चा शिक्का बसला होता. रुग्णालयाचा संगणक तेवढाच वाचायचा आणि पडद्यावर हिरवी खूण दाखवायचा. मला उघडून कोणी पाहतच नसे.

एका दुपारी एका बाळंतिणीचा रक्तस्राव थांबेना. सिस्टरांनी घाईघाईत मागणी पाठवली आणि रक्तगटाची जागा रिकामी राहिली. मागणी नोंदली गेली नाही, म्हणून मी धावत परत आलो. पडद्यावर हिरवी खूण उमटली. मी आतून कितीही ओरडलो तरी ऐकणार कोण? वीस मिनिटे गेली. सिस्टरांना राहवेना, त्यांनी फोन लावला.

“पिशव्या निघाल्या का?”

“कुठल्या पिशव्या? आमच्याकडे तुमची मागणीच नाही.”

मग धावपळ करून रक्त आणले. बाळंतीण वाचली, पण अगदी थोडक्यात.

दुसऱ्या दिवशी प्रोग्रामर बाई स्वतः रुग्णालयात आल्या. “चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. मी थक्क झालो. इतकी वर्षे मी चुकांचेच निरोप वाहिले, पण इतका सरळ निरोप पहिल्यांदाच ऐकला. मग त्यांनी सिस्टरांजवळ खुर्ची ओढून विचारले, “ताई, तुम्हाला पडद्यावर काय दिसायला हवं?”

“काय चुकलं, कुठे चुकलं, आणि आता मी काय करू. बाकी पुराण नको.”

या तीन ओळींच्या साच्यात बाईंनी आम्हा सगळ्या भावंडांना नव्याने घडवले. शिक्काही खरा मारला.

काही महिन्यांनी तशीच घाई झाली आणि रक्तगट पुन्हा राहिला. या वेळी पडदा लाल झाला. ‘मागणी नोंदली नाही. रक्तगट लिहिलेला नाही. तो भरून पुन्हा पाठवा.’ सिस्टरांनी मला मोठ्याने वाचले, रक्तगट भरला, अर्ध्या मिनिटात मागणी नोंदली गेली आणि पिशव्या निघाल्या. तीन साध्या ओळी आणि त्यांच्या आधारावर एक अख्खा जीव! ते आठवले की मी आजही भारावून जातो.

हल्ली नवे प्रोग्रामर म्हणतात, “एवढं कशाला? नुसतं ‘क्षमस्व’ पुरे.” मित्रांनो, त्यांना समजावून सांगा. मला गोड करू नका आणि कसेबसे उरकूही नका. माझी वाट पाहत पलीकडे कोणीतरी हातमोजे चढवून उभे असते.